पगाराची तारीख

३१ मार्च २०२० रोजी, देशभरची टाळेबंदी सुरू होऊन आठवडा होत आला असताना, महाराष्ट्राचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री अजित पवार यांनी मार्चच्या पगाराविषयी एक निर्णय जाहीर केला. मुख्यमंत्री, मंत्री आणि आमदार यांच्या पगारातला ६० टक्के हिस्सा, वर्ग अ आणि ब मधील अधिकाऱ्यांचा ५० टक्के हिस्सा आणि वर्ग क मधील कर्मचाऱ्यांचा २५ टक्के हिस्सा रोखला जाणार होता. वर्ग ड मधील कर्मचाऱ्यांना पूर्ण पगार मिळणार होता. बातमी सुरुवातीला ‘पगारकपात’ म्हणूनच फिरली. लगोलग खुलासा आला की ही कपात नाही, पगार दोन टप्प्यांत दिला जाईल. हा निर्णय मंत्रालयापुरता नव्हता. अनुदानित शाळा-महाविद्यालयांतले शिक्षक आणि कर्मचारीही त्यात आले.

संकटाच्या काळात माणसांची उमेद कशी टिकते आणि कशी खचते, हे समजून घ्यायला हा निर्णय बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्यात दोन गोष्टी बरोबर होत्या. ज्याचा पगार मोठा, त्याने जास्त सोसायचे आणि शिपायाच्या घरचा किराणा अडू द्यायचा नाही, ही एक. अडवलेले पैसे परत मिळणार आहेत, हे सांगणे ही दुसरी. पण हा निर्णय ज्यांना वर्ग आहे त्यांच्यासाठी होता. महाराष्ट्राच्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्या हजारो माणसांना कुठलाच वर्ग नव्हता. त्यांचा पगार रोखला गेला नाही, कारण त्यांना पगारच नव्हता. तास घेतला तर तासाचे पैसे, एवढाच त्यांचा आणि व्यवस्थेचा करार होता, आणि मार्चच्या मध्यावर तास थांबले होते.

नेवासा तालुक्यातून पाहिले की हे चित्र जास्त स्पष्ट दिसते. प्रवरेच्या काठचे नेवासा, नगर-संभाजीनगर रस्त्यावरचा नेवासा फाटा, भेंडे आणि सोनई इथले दोन सहकारी साखर कारखाने, शनिशिंगणापूरची यात्रा, घोडेगावचा जनावरांचा बाजार. ऊस, दूध आणि भाविक यांवर चालणारा हा तालुका. नेवाशात अहमदनगर जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाजाचे श्री ज्ञानेश्वर महाविद्यालय आहे, सोनईत मुळा एज्युकेशन सोसायटीचे कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय आहे, भेंड्यात जिजामाता महाविद्यालय आहे. तिन्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न. आजूबाजूच्या खेड्यांतली मुले-मुली एसटीने, दुचाकीने किंवा चालत इथे येतात, आणि त्यांतल्या कित्येकांच्या घरात कॉलेज पाहणारी ती पहिलीच असतात. या तिघांपैकी एखाद्या महाविद्यालयाच्या आतली हकीकत इथे सांगायची नाही. तालुक्याच्या गावातले महाविद्यालय कसे चालते, त्याच्या पैशाला कुठून कुठून वाट फुटते आणि ती वाट बंद झाली की कोणाच्या ताटातले कमी होते, हे इथे पाहायचे आहे.

अशा महाविद्यालयाच्या एका छपराखाली चार तऱ्हेची माणसे काम करतात. पहिली अनुदानित पदांवरची. यांचा पगार शासनाकडून ‘एचटीई सेवार्थ’ प्रणालीतून थेट बँकेत येतो. दुसरी शिक्षकेतर मंडळी: कार्यालयीन अधीक्षक, लिपिक, प्रयोगशाळा सहायक, ग्रंथालय परिचर, शिपाई. यांतलेही काही मंजूर पदांवर असतात, काही संस्थेने आपल्या पैशाने नेमलेले. तिसरी विनाअनुदानित वर्गांवरची. बीबीए, बीसीए, संगणकशास्त्र असे अभ्यासक्रम अनेक अनुदानित महाविद्यालयांतही विनाअनुदानित तत्त्वावर चालतात, आणि तिथल्या शिक्षकांचा पगार विद्यार्थ्यांच्या फीमधून निघतो. चौथी तासिका तत्त्वावरची, म्हणजे ज्यांना सगळे ‘सीएचबी’ म्हणतात ती. स्टाफरूम एकच असते, चहाही एकच, पण महिन्याची पहिली तारीख चौघांची चार वेगळी असते.

सीएचबीचे गणित आधी पाहू, कारण संकटाचा सगळ्यात कडक घाव तिथे बसला. मंजूर पद रिकामे असते, ते भरले जात नाही, म्हणून त्या पदाचा कार्यभार तासांवर वाटून दिला जातो. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये शासनाने पदवी वर्गाच्या एका तासाचा दर ५०० रुपये केला. आठवड्याला नऊ तास धरले तर महिन्याचे छत्तीस तास होतात, म्हणजे १८,००० रुपये. तेही प्रत्यक्ष अध्यापन चालते तेवढ्याच महिन्यांचे. परीक्षेच्या काळात तास नाहीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत नाहीत, दिवाळीतही नाहीत. शिवाय ही रक्कम महिन्याच्या महिन्याला येत नाही. नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता हवी, मग बिले विभागीय उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात जाणार, तिथून त्रुटी निघणार, दुरुस्ती होणार, तरतूद आली की रक्कम जमा होणार. याच काळात, २८ जानेवारी २०१९ च्या पत्राने, विद्यापीठ अनुदान आयोगाने अतिथी अध्यापकासाठी सुचवलेला दर तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा होता. हे काम करणारी माणसे नेट किंवा सेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण असतात, पुष्कळ जण पीएच.डी. झालेले असतात. त्यांचे विद्यार्थी त्यांना ‘सर’ आणि ‘मॅडम’च म्हणतात. विद्यार्थ्याला त्यांच्या नेमणुकीचा प्रकार माहीत नसतो, आणि नसावाही.

मग ही माणसे का टिकतात? पद निघेल या आशेवर. म्हणून ४ मे २०२० चा वित्त विभागाचा शासन निर्णय त्यांच्यासाठी पगाराच्या कुठल्याही कपातीपेक्षा मोठा होता. त्या निर्णयाने विभागांना अर्थसंकल्पात मंजूर रकमेपैकी फक्त ३३ टक्के निधी मिळेल असे ठरवले, आणि सार्वजनिक आरोग्य व वैद्यकीय शिक्षण यांसारखे अपवाद सोडून नव्या नोकरभरतीवर बंदी घातली. साथीच्या काळात पैसा रुग्णालयांकडे वळवणे योग्यच होते, त्याबद्दल कुणाचे दुमत असू नये. पण त्याची एक बाजू कोणी मोजली नाही. ३ नोव्हेंबर २०१८ ला शासनाने सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरायला परवानगी दिली होती. त्यांतली १,४९२ भरून झाली होती. उरलेली २,०८८ पदे भरतीबंदीत अडकली, आणि ती भरायला पुन्हा मान्यता मिळाली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये. या मधल्या दीड वर्षात एका माणसाच्या मनात काय होत असेल? जाहिरात निघणार, आरक्षणाचे रोस्टर तपासून झाले, मुलाखतीची तयारी करा, असे ज्याला सांगितले होते त्याला आता कोणी काहीच सांगत नव्हते. त्या दिवसांत उच्चशिक्षित अध्यापक भाजी विकताना, शेतमजुरीला जाताना दिसल्याच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांत येत होत्या. श्रमाची लाज नाही. पण दहा वर्षे शिकवल्यावर आपण शिक्षक आहोत की नाही, हाच प्रश्न पडावा, ही जखम वेगळी आहे.

काम हातातून गेल्यावर माणसाचे काय होते, याचा एक जुना आणि विलक्षण अभ्यास आहे. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल या छोट्या गावातली कापडगिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली आणि जवळजवळ सारा गाव बेकार झाला. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल यांनी तिथे पाहणी केली आणि १९३३ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यांनी लोकांचे जेवण, खर्च, चालण्याचा वेग, सगळे टिपून ठेवले. त्यात एक नोंद माझ्या मनात घर करून आहे. लोकांच्या हाती वेळच वेळ होता, तरी गावच्या वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण खूपच घटले. रिकामा वेळ मिळाला म्हणून माणूस वाचत नाही, लिहीत नाही. दिवसाला आकार असेल आणि उद्याला अर्थ असेल तरच ते होते. टाळेबंदीत ‘आता वेळ आहे तर शोधनिबंध लिहून टाका’ असे सीएचबीच्या शिक्षकाला सुचवणाऱ्यांनी ही नोंद वाचायला हवी होती.

आता विनाअनुदानित वर्गांकडे येऊ. तिथली साखळी तालुक्याच्या मातीपर्यंत जाते. फी येते ती घरातल्या उत्पन्नातून. २०२० च्या उन्हाळ्यात हॉटेले, मिठाईची दुकाने, लग्ने बंद झाली, दुधाची मागणी आटली आणि दर कोसळले. जुलै-ऑगस्टमध्ये दूध उत्पादकांची राज्यभर आंदोलने झाली. शनिशिंगणापूरचे देवस्थान राज्यातल्या इतर मंदिरांबरोबर मार्चमध्ये बंद झाले, आणि मंदिरे पुन्हा उघडली ती १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला. तेल, फुले, नारळ, प्रसाद विकणाऱ्या, वाहने चालवणाऱ्या, खानावळी चालवणाऱ्या कुटुंबांचे आठ महिने असेच गेले. त्या घरातल्या मुलाने बीबीएची फी कुठून भरायची? आणि त्याने ती भरली नाही तर त्याला शिकवणाऱ्या मॅडमचा पगार संस्थेने कुठून काढायचा? अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने एप्रिल २०२० मध्येच तंत्रशिक्षण संस्थांना बजावले होते की टाळेबंदीत फीचा तगादा लावू नका, शिक्षकांचे पगार द्या, कुणाला काढू नका. तिन्ही गोष्टी न्याय्य होत्या. पण या तिन्ही एकाच वेळी पाळायला संस्थेकडे साठवलेला पैसा लागतो. शिष्यवृत्तीपोटी शासनाकडून येणारी रक्कम मागेपुढे होत असताना ज्या संस्थेने गंगाजळी राखली नव्हती, तिथे शिक्षकांना अर्धा पगार, मग ‘पुढच्या महिन्यात बघू’, मग शांतता, असा क्रम राज्यभर पाहायला मिळाला.

त्या शांततेविषयी थोडे सविस्तर बोलायला हवे. पैसे नसणे हा एक आघात आहे. पैसे का नाहीत, कधी येतील, सगळ्यांचेच थांबलेत की माझेच, हे न कळणे हा त्यावरचा दुसरा आघात आहे, आणि माझ्या मते माणूस दुसऱ्यानेच जास्त खचतो. हे नुसते माझे मत नाही. येल विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ ट्रुमन ब्यूली यांना एक कोडे पडले होते: मंदी आली की मालक माणसे कमी करतात, पण पगार का कमी करत नाहीत? १९९० च्या दशकातल्या मंदीच्या काळात त्यांनी अमेरिकेतल्या तीनशेहून अधिक मालक, व्यवस्थापक आणि कामगार पुढाऱ्यांना भेटून विचारले. उत्तर जवळपास एकच आले. पगार कापला तर राहणाऱ्या सगळ्यांची उमेद जाते. माणसे कमी केली तर दुखावलेला माणूस दाराबाहेर गेलेला असतो. हे उत्तर प्रामाणिक आहे आणि क्रूरही. आपल्याकडे २०२० मध्ये अनेक ठिकाणी हेच घडले. कायम असलेल्यांचा पगार थोडा लांबला आणि तासिका तत्त्वावरच्यांची नेमणूकच पुढच्या वर्षी झाली नाही किंवा फार उशिरा झाली. दुःख दाराबाहेर ठेवले गेले. पण तालुक्याच्या गावात दाराबाहेरचा माणूस दिसत राहतो. तो त्याच बाजारात भेटतो, त्याची मुले त्याच शाळेत असतात, आणि स्टाफरूममधली त्याची रिकामी खुर्ची आत बसलेल्यांनाही सांगत राहते की आपलेही काही खरे नाही.

अमेरिकेतलाच दुसरा अभ्यास जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा, १९९० चा. एका कंपनीची मोठी कंत्राटे हातची गेली, म्हणून तिच्या दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात झाली. एका कारखान्यात प्रमुखाने सगळ्यांना जमवून सुमारे दीड तास हिशेब मांडला, तक्ते दाखवले, आपल्याला वाईट वाटते आहे हे बोलून दाखवले आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिले. दुसऱ्या कारखान्यात पंधरा मिनिटांत घोषणा करून साहेब निघून गेले. कपात दोन्हीकडे सारखीच. पण कारखान्यातल्या वस्तू चोरीला जाण्याचे प्रमाण दुसऱ्या ठिकाणी कितीतरी जास्त वाढले, आणि नोकरी सोडून जाणारेही तिथेच जास्त निघाले. पगार पूर्ववत झाला तसे चोरीचे प्रमाणही खाली आले. याच संशोधकाने २००६ मध्ये परिचारिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेतनाची पद्धत बदलल्याने ज्यांचे उत्पन्न घटले त्यांची झोप उडाली होती. मात्र ज्यांच्या वरिष्ठांना माणसांशी आदराने आणि मोकळेपणाने बोलण्याचे प्रशिक्षण दिले होते, त्यांची झोप तुलनेने कमी बिघडली. वरिष्ठ कसे बोलतात याचा परिणाम कर्मचाऱ्याच्या उशीपर्यंत पोचतो.

नेवाशासारख्या ठिकाणच्या प्राचार्यांकडे भरती सुरू करण्याचा अधिकार नसतो. सीएचबीचा दर वाढवणे त्यांच्या हातात नाही, संस्थेची तिजोरीही त्यांची नाही. पण दीड तास त्यांच्या हातात असतो. संस्थेचे सचिव आणि प्राचार्य यांनी एकत्र बसून, सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर, साध्या मराठीत सांगायचे: या तिमाहीत फी इतकी जमली, शिष्यवृत्तीचे इतके येणे आहे, वीजबिल आणि इंटरनेट इतके, हाती उरतात इतके. यातून आधी कुणाला द्यायचे? ज्याच्या घरात दुसरा पगार नाही त्याला, हे तत्त्व उघडपणे मांडले तर त्याला विरोध होत नाही, कारण विरोध करायला तोंड उरत नाही. आणि जे ठरेल त्याला तारीख हवी. ‘लवकरच’ ही तारीख नाही. महिन्याच्या दहा तारखेला जे शक्य असेल ते देऊ, नाही जमले तर त्याच दिवशी पुन्हा बसू आणि का जमले नाही ते सांगू, एवढे वचन पाळले गेले तरी माणसे तग धरतात. कारण घरी त्यांनाही कुणाला तरी तारीख द्यायची असते: दुकानदाराला, घरमालकाला, मुलीच्या क्लासला.

रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासात याचे एक मोठे उदाहरण आहे. १९४८ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी सरकारवर केलेल्या टीकेनंतर मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. शाळा चालू होत्या, शिक्षक होते, वसतिगृहांत मुले जेवत होती, आणि सरकारी पैसा बंद. कर्मवीरांनी हे संकट कार्यालयात दडवून ठेवले नाही. ते लोकांसमोर गेले, आणि लोकांच्या मदतीवर संस्था उभी राहिली. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. संस्थेची अडचण ही आपली अडचण आहे असे शिक्षकाला वाटायचे असेल तर ती अडचण आधी त्याला कळली पाहिजे.

आता कामाकडे पाहू, कारण उमेद केवळ पैशाने खचत नाही. २०२० चे परीक्षांचे प्रकरण अजून पुष्कळांच्या अंगावर काटा आणते. राज्य सरकारला अंतिम वर्षाच्या परीक्षा नको होत्या, विद्यापीठ अनुदान आयोगाला हव्या होत्या. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा घेण्याच्या बाजूने निकाल दिला, आणि पुणे विद्यापीठाच्या परीक्षा १२ ऑक्टोबरपासून बहुपर्यायी प्रश्नांच्या रूपात सुरू झाल्या. मधल्या काही आठवड्यांत महाविद्यालयांना काय काय करावे लागले? प्रत्येक विद्यार्थी ऑनलाइन देणार की केंद्रावर येऊन देणार, याची यादी. बदललेले मोबाइल क्रमांक शोधणे. सराव परीक्षा. मग प्रत्यक्ष परीक्षेत लॉगिन न होणे, पेपर मध्येच बंद पडणे, जमा झाला की नाही ते न कळणे. विद्यार्थी शेतात, बांधावर, टेकाडावर, जिथे रेंज मिळेल तिथे बसलेला, आणि त्याचा पहिला फोन विद्यापीठाला नाही, त्याच्या सरांना. त्याच सुमारास विद्यापीठ आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी सातव्या वेतन आयोगासह आपल्या प्रलंबित मागण्यांसाठी राज्यभर लेखणीबंद आणि पुढे कामबंद आंदोलन केले. परीक्षेच्या तोंडावर संप, अशी टीका झाली. मला ती टीका अन्यायाची वाटते. वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या करून जे हलत नव्हते ते परीक्षा अडेल या भीतीने हलले, याचा दोष कर्मचाऱ्यांच्या माथी मारता येत नाही. कार्यालयातल्या लिपिकाशिवाय एकही परीक्षा अर्ज पुढे सरकत नाही, ही गोष्ट त्या महिन्यात सगळ्यांना समजली. एरवीही समजायला हवी होती.

नेवाशात हे सांगणे विशेष शोभते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, याच गावात ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली असे मानतात, त्या पैस खांबाभोवती आज मंदिर उभे आहे. ज्ञानेश्वर सांगत गेले आणि सच्चिदानंदबाबा लिहीत गेले. ग्रंथाच्या शेवटी, कोणत्या वर्षी तो झाला हे नोंदवणाऱ्या ओवीत, लेखनिक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव आदराने आले आहे. सातशेहून अधिक वर्षे ते नाव ग्रंथाबरोबर चालत आले. महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात प्रयोगशाळा सहायकाचे, परीक्षा विभागातल्या लिपिकाचे, टाळेबंदीत रोज येऊन इमारत उघडणाऱ्या शिपायाचे नाव कितीदा येते? नॅक मूल्यांकनाच्या फाइलमध्ये ज्यांनी रात्री जागून कागद लावले त्यांचा उल्लेख कुठे असतो? नावाने केलेली नोंद पगाराची जागा घेत नाही. पण पगार थांबलेला असताना नोंदही नसेल, तर माणसाने कशाला धरून राहायचे?

टाळेबंदीत उमेद वाढवण्याच्या नावाखाली सगळ्यात जास्त झाले ते वेबिनार. एकेका आठवड्यात दहा-दहा, शेवटी प्रश्नमंजूषा, चाळीस टक्के गुण मिळाले की ई-प्रमाणपत्र. त्यांतले काही चांगले होते, हे मान्य. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये ‘मनोदर्पण’ उपक्रम सुरू करून समुपदेशनाची दूरध्वनी सेवा दिली, तीही गरजेची होती. पण ज्याला चार महिने मानधन नाही त्याला तणावमुक्तीचे व्याख्यान ऐकायला लावणे आणि त्याची हजेरी घेणे, यात त्याचा अपमान आहे. त्यापेक्षा ऑनलाइन तासासाठी लागणारा डेटा पॅक महाविद्यालयाने भरून दिला असता तर बरे झाले असते. घरचा फोन, घरची वीज, मुलांच्या शाळेचा तासही त्याच फोनवर, अशी ओढाताण विशेषतः शिक्षिकांच्या वाट्याला आली. रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी ‘उद्या सकाळपर्यंत माहिती पाठवा’ ही सूचना बंद करायला तर एक पैसाही लागत नव्हता.

पैशाच्या बाबतीत महाविद्यालयांत एक जुनी आणि भक्कम सोय आहे, ती म्हणजे सेवकांची पतसंस्था. दर महिन्याला पगारातून वर्गणी कापली जाते आणि अडीनडीला तातडीचे कर्ज मिळते, बँकेच्या पायऱ्या न झिजवता. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनचा बेड आणि रेमडेसिविर शोधत जिल्हाभर फिरणाऱ्या कुटुंबांना अशा कर्जाचे मोल कळले. पण ही सोय पगारातून कपातीच्या हमीवर उभी आहे. ज्याला पगारपत्रक नाही तो साधारणपणे सभासद होऊ शकत नाही. म्हणजे ज्याला कर्जाची सगळ्यात जास्त गरज, त्याच्यासाठीच दार बंद. इथे काही करता येईल असे मला मनापासून वाटते. त्या वर्षी अनेकांनी एक-दोन दिवसांचा पगार मुख्यमंत्री सहाय्यता निधीला दिला. तसाच वर्षातून एक दिवसाचा पगार महाविद्यालयाच्या स्वतःच्या निधीत ठेवला, त्यात संस्थेने तेवढीच भर घातली, आणि दोन कायम सहकाऱ्यांच्या जामिनावर तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला बिनव्याजी उचल दिली, बिल निघाले की परत, तर कुणाला सावकाराकडे जावे लागणार नाही. रक्कम मोठी लागत नाही. बिल सहसंचालकांच्या कार्यालयातून येईपर्यंतचे चार-सहा महिने पार करायचे असतात.

दुसऱ्या लाटेने आणखी एक गोष्ट समोर आणली. तेव्हा कर्मचारी स्वतः गेले, त्यांचे आईवडील गेले, विद्यार्थ्यांचे वडील गेले. शोकसभा ऑनलाइन झाल्या, दहाव्याला माणसे जमू शकली नाहीत. वेळापत्रक मात्र थांबले नाही. गावाकडच्या रीतीत दुःखाच्या घरी माणूस जाऊन बसतो, फार बोलत नाही, पण बसतो. ते त्या वेळी शक्य नव्हते, म्हणून जिथे प्राचार्यांनी किंवा विभागप्रमुखांनी स्वतः फोन केला, ‘तुमचे तास पंधरा दिवस आम्ही वाटून घेतो’ असे सांगितले, तिथे ती गोष्ट माणसे विसरलेली नाहीत. सीएचबीच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. त्या शिक्षकाला रजा नाही. दुःखाचे पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवसांचे मानधन गेले. म्हणून तास वाटून घेणाऱ्यांनी ते पुढे त्याला परत घेऊ देणे, ही खरी मदत.

महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. त्याच महिन्याच्या सुरुवातीला नगर जिल्ह्यातली ६१ गावे रुग्णसंख्या वाढल्यामुळे पुन्हा टाळेबंदीत गेली होती, त्यामुळे इथल्या मुलांचे परतणे राज्याच्या इतर भागांपेक्षा जास्त बिचकत झाले. तासिकेचा दर त्या वर्षअखेरीस ६२५ रुपये आणि मार्च २०२३ मध्ये ९०० रुपये झाला. नऊ तासांच्या आठवड्याने त्या दराने महिन्याला ३२,४०० रुपये होतात, बिल वेळेवर निघाले तर.

एका गोष्टीची दुरुस्ती मात्र अजूनही महाविद्यालयांच्या हातात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना अध्यापनाच्या प्रत्येक वर्षाला २ गुण आहेत, जास्तीत जास्त १०, आणि वर्ष अपुरे असेल तर गुण त्या प्रमाणात कमी. २०२०-२१ मध्ये ज्यांनी घराच्या ओट्यावर बसून मोबाइलवर तास घेतले, त्यांतल्या किती जणांचे तास नोंदवहीत चढले? नेमणूकपत्र उशिरा निघाले म्हणून किती जणांचे अर्धे वर्ष कागदावरून गायब झाले? त्या काळाची झूमची हजेरी, व्हॉट्सअ‍ॅप गटातले वेळापत्रक, विद्यार्थ्यांना पाठवलेल्या टिपणांच्या तारखा कुठल्या ना कुठल्या संगणकावर अजून असतील. त्या शोधून, जुळवून, तासांचा तपशील घातलेले अनुभव प्रमाणपत्र प्राचार्यांच्या सही-शिक्क्याने द्यायला शासनाची परवानगी लागत नाही आणि अनुदानही लागत नाही. मुलाखतीच्या यादीत नाव येणे किंवा न येणे कित्येकदा एका गुणावर ठरते.